गंगाजलच्या दारी कोणी जात नाही

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी गल्लीची झाडझूड झाली. मंग तिथंच पिंपळाच्या ओट्यावर बैठक. बाया मागे उभ्या. मी हातात झाडू धरूनच सगळं ऐकलं.

ठरलं ते असं. संतोषच्या घरी कोणी जायचं नाही. त्याले कशाले बोलवायचं नाही. त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आपलं द्यायचं नाही. जो जाईल त्याच्याबी घरी मंग कोणी जाणार नाही. तलावाचा रस्ता मोकळा होईपर्यंत.

संतोषनं तलावाजवळचं शेत दुर्गच्या एका प्लॉटिंगवाल्याले विकलं. त्यानं दिवाळीआधी भिंत घातली. घाटावर जायचा रस्ता त्याच शेताच्या धुऱ्यावरून होता, कागदावर नव्हता, पण सगळे जात होते. आता मेन रोडवरून, ट्रकायच्या मधून फेरा. बायायची आंघोळ, म्हशी, मेल्या माणसाची दहाव्याची क्रिया, सगळं त्याच घाटावर. राग खोटा नाही. मलेबी आला होता.

गावचा कारभार पाहणारे पटेल आमच्या ह्यायले म्हणाले, "बाबूजी, आपकी लिखावट अच्छी है, आप ही लिख दो." ह्यायनं लिहिलं. प्लांटमध्ये जन्मभर लॉगबुक भरलं, तसंच, एक-एक ओळ सरळ. खाली पहिली सही बी ह्यायचीच.

संतोषची माय माझी गंगाजल. एकोणीस वर्षं झाली, देवापुढं एकमेकीच्या हातून गंगेचं पाणी पिऊन आमी नातं बांधलं. तेव्हापासून ना तिनं माझं नाव घेतलं ना मी तिचं. इथंबी लिहिणार नाही.

ती बैठकीत नव्हती. घर तिथून दिसते. दारात उभी होती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

देवउठनी. उसाचा मांडव घातला, तुळशीचं लग्न लावलं. दरवर्षी ऊस गंगाजलच्या बाडीतला, घरामागच्या मळ्यातला. यावर्षी चरोद्याच्या बाजारातून आणला. हे म्हणाले, गोड आहे. मी म्हटलं, असंल.

संध्याकाळी सगळ्यायनं सगळ्यायच्या घरी प्रसाद वाटला. मी सात वाट्या भरल्या. भरल्यावर लक्षात आलं, एक जास्त झाली. हे पाहून राहिले होते. वाटी परत डब्यात रिकामी केली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या उषाच्या गच्चीवर रखिया बडी घातली, कोहळ्याचे सांडगे. पाच बाया. कोहळा किसायले दोघी, उडीद फेटायले दोघी, बड्या टाकायले एक. गाणी झाली, हसणं झालं. कोणी म्हटलं, डाळ हलकी नाही झाली या साली. डाळ फेटायचं काम नेहमी गंगाजलचं. पाण्यात थेंब टाकून पाहायची, तरंगला तरच हात काढायची. दमा आहे तरी तास-तास फेटायची.

आमच्या पोरीले, पल्लवीले, लहानपणी वाटायचं, गाव म्हणजे झाडं आणि कौलं. मी आता सांगू शकेन गाव म्हणजे काय. पाहुणा आला तर शेजारून दूध मागायले लाज वाटत नाही, ते. एखादीचं दार नऊ वाजेपर्यंत उघडलं नाही तर दुसरी जाऊन कडी वाजवते, ते. रविवारी एका घरून एक माणूस झाडू घेऊन निघते. कोणाच्या घरी मयत झाली तर एका घरून एक लाकूड, एक माणूस. कोणी शिकवत नाही. कोणी मोजत नाही. प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वीस वर्षं काढली, तिथं हे नव्हतं.

आता तेच वापरून तिले बाहेर केलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी जे केलं ते लिहूनच ठेवते.

डॉक्टरकडून परत येताना चरोदा स्टेशनवर लोकलमधून उतरली. रिक्षा नव्हती. पिशवी घेऊन पायीच निघाली. मागून पिकअप येऊन थांबली. संतोष. शेत विकून हीच गाडी घेतली त्यानं, बाकीचं कुठं गेलं तो जाणे. खिडकीतून म्हणाला, "फूलदाई, बइठ जा, घाम हे." बसून जा, ऊन आहे.

फूलदाई म्हणजे मायची गंगाजल. लहान होता तेव्हापासून हेच म्हणते. मले गुडघा दुखत होता. रस्त्यावर गावचे दोघं सायकलवर येऊन राहिले होते.

मी मान फिरवली. काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

तो थोडा वेळ गाडी माझ्या चालीनं हळूहळू चालवत राहिला. मंग गेला.

त्याची बाजू घेत नाही मी. विकायच्या आधी एका शब्दानं गावाले विचारलं नाही त्यानं. पण मान फिरवली ती त्याच्या चुकीसाठी नाही. सायकलवाल्यायसाठी.

५ डिसेंबर, गुरुवार

पल्लवीचा नागपूरहून फोन. तिले सांगायचं नव्हतं, निघून गेलं. म्हणाली, "आई, यह तो क्राइम है. बहिष्कार टाकणं कायद्यानं गुन्हा आहे. बाबांनी स्वतः लिहून दिलं? उनको समझ में आता है क्या?"

मी म्हटलं, पोलीस येतील एक दिवस. राहायचं आमाले आहे.

"मंग तुमी दोघं इकडे या राहायले."

तिचं बरोबर आहे. म्हणूनच राग आला.

ह्यायले विचारलं, पल्लवी म्हणते गुन्हा आहे. हे टीव्ही पाहत राहिले. मंग म्हणाले, "तुले काय वाटते, मले आवडून राहिलं का हे? गाव एक नसलं ना, तर उद्या प्रत्येकजण भिंत घालीन."

हेबी बरोबर आहे. सगळ्यायचंच बरोबर आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

निलेशचा दिवस. आमचा पोरगा जाऊन बारा वर्षं.

सकाळी फोटोले हार. हे फोटोसमोर बसत नाहीत, ओसरीत रस्त्याकडे तोंड करून बसतात. आजबी तसेच.

त्या वेळेस आमाले गावात आठ वर्षं झाली होती. मराठी म्हणून इथले लोक आमाले परदेशीच म्हणत होते. निलेशची बातमी दुपारी आली. संध्याकाळपर्यंत अंगणात पाय ठेवायले जागा नव्हती. ज्यायच्याशी बोलणं नव्हतं तेबी आले. लाकडं इतकी आली की उरली. ह्यायले उभं राहता येत नव्हतं, तर पटेलनं एका बाजूनं धरलं आणि दुसऱ्या बाजूनं संतोषच्या बापानं. त्यायनं खांदा बी दिला. आता तेबी नाहीत.

आणि घरात गंगाजल. दहा दिवस आमच्या चुलीले तिनं हात लावू दिला नाही मले. स्वतःच्या घरून रांधून आणायची. मी जेवत नव्हती तर माझ्यासमोर बसून म्हणायची, तू नाही खाशील तर मीबी नाही. आणि खरंच खायची नाही. तिसऱ्या दिवशी मी खाल्लं, तिच्यासाठी.

तेव्हापासून हे म्हणतात, "आपल्याले गावानं उभं केलं." गावासाठी काहीही करतील. मले आज वाटलं, गावानं म्हणजे कोणी? नाव घेऊन सांगा ना कोणी?

विचारलं नाही. आजच्या दिवशी कसं विचारणार.

दरवर्षी ती येते, फोटोजवळ दिवा लावते, काही न बोलता चहा पिऊन जाते. आज चारले मी चहा ठेवला. दोनच कप.

२३ डिसेंबर, सोमवार

बाडीत मेथी खुडून राहिली होती. मागच्या भिंतीपलीकडून आवाज. संतोषची बायको हेमीन. भिंतीच्या वरून फक्त डोळे दिसत होते.

"फूलदाई, दाई की सांस बहुत फूल रही है. तुमको याद करती है."

दाई म्हणजे माय, तिची सासू. एवढंच बोलून गेली. उत्तराची वाट बी पाहिली नाही.

दुपारी हे झोपले. भिंत मागं एका ठिकाणी ढासळली आहे, तिथून गेली. या वयात भिंत ओलांडून, चोरासारखी.

गंगाजल खाटेवर उशा लावून बसली होती. किती वाळली. मले पाहून आधी दाराकडे पाहिलं.

"तोला कोनो देखिस तो नहीं?" कोणी पाहिलं तर नाही तुले.

मी म्हटलं, नाही.

"मोर सेती तोर घर झन बिगड़य."

माझ्यामुळं तुझं घर बिगडू नये, म्हणून राहिली होती. मी तिच्या पायाजवळ बसली. दीड महिन्याचं बोलायचं होतं. शेवटी सांगितलं की बडी यावर्षी दगडासारखी झाली. ती हसली, हसताना खोकला आला. मी पाठ चोळली. हाडं हाताले लागली.

मंग म्हणाली, संतोष कोणाले सांगत नाही, पण त्या भिंतवाल्याकडे तीनदा गेला, रस्त्यापुरती जागा सोड म्हणून. तो म्हणते, नकाशात रस्ता दाखव. संतोष गावाले हे सांगत बी नाही, म्हणते कोणासमोर नाक घासू.

मी म्हटलं, त्यानं सांगाले पाहिजे.

"सुनही कोन?" ऐकणार कोण.

तिच्या घरचं पाणी प्यायली. तांब्याभर. मुद्दाम.

३० डिसेंबर, सोमवार

या आठवड्यात तीनदा गेली, भिंतीवरून. ह्यायले माहीत आहे असं वाटते. काल जेवताना म्हणाले, "मागची भिंत बांधून घ्याले पाहिजे." मी म्हटलं, राहू द्या. मिस्त्रीले बोलावलं नाही.

१३ जानेवारी, सोमवार

छेरछेरा. आजचं आजच लिहिते.

आजच्या दिवशी धान कापून कोठीत आलेलं असते, आणि सगळे सगळ्यायच्या दारी जाऊन मागतात. लेकरं, मोठे, गरीब, पैसेवाले, कोणीबी. मागायले लाज नाही, द्यायले नाही म्हणायचं नाही. दारात टोपली ठेवून बसायचं आणि ओंजळ-ओंजळ धान टाकायचं. पहिल्या वर्षी मले हे समजलंच नव्हतं. पटेलची सून मागायले आली तर मी विचारलं होतं, तुमच्या घरी कमी आहे का. गंगाजलनं मले बाजूले घेऊन समजावलं. म्हणाली, आज जो मागत नाही तो मोठा नाही, तो बाहेरचा.

सकाळपासून टोळ्या फिरून राहिल्या. ढोलक, डबे, आरडाओरडा. आमच्या दारी किती येऊन गेले. मी ओसरीतून पाहत होती. प्रत्येक टोळी आमच्या घरून निघाली की रस्त्याच्या त्या बाजूनं जायची, गंगाजलचं घर सोडायची, पुढच्या घरी परत या बाजूले. लेकरायले बी माहीत. एक लहानगी चुकून तिकडे पळाली तर तिच्या बहिणीनं हाताले धरून ओढली.

गंगाजल दारात बसली होती. शाल गुंडाळून, भिंतीले टेकून. समोर टोपली, धानाची, शिगोशिग. तिले बाहेर आणून कोणी बसवलं असंल, तिचं तिले चालवत नाही. अकरा वाजले. टोपली तशीच.

मले आतून कोणी काही सांगितलं असं नाही. मी फक्त ती टोपली पाहू शकली नाही.

कपाटातून कापडी पिशवी काढली. चप्पल घातली. हे अंगणात होते, म्हणाले, "कुठं?" मी म्हटलं, "मागायले." त्यायले समजलं. म्हणाले, "सुनंदा, मागून जा." मागून जा म्हणाले. जाऊ नको नाही म्हणाले. पण मागून.

मी समोरून गेली. रस्त्याच्या मधोमध चालत. पिंपळाखाली आठ-दहा जण होते, पटेल बी. ढोलक वाजायचं थांबलं.

तिच्यासमोर पिशवी धरली आणि म्हटलं, "छेरछेरा." परत म्हटलं.

तिनं ओंजळ भरली. अर्धं धान खाली सांडलं. परत भरली. परत. मी म्हटलं, बस, गंगाजल. ती थांबेना. पिशवी भरली तरी टाकत राहिली, मंग माझ्या पदरात. रडत नव्हती. अगदी चेहरा शांत करून टाकत होती.

परत येताना कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ केला होता. कोणी आलं नाही.

दुपारी पटेल ह्यायले ओट्यावर घेऊन गेले. तासभर. आल्यावर मी विचारलं काय म्हणाले. "काही नाही."

मंग भांडी घासताना मागं येऊन उभे राहिले. "मीच लिहिलं. मीच सही केली. आणि माझ्याच घरची बाई. काय तोंड राहिलं माझं?"

मी म्हटलं, "तुमी लिहिलं तेव्हा माझं काय तोंड राहिलं, ते विचारलं का तुमी?"

चाळीस वर्षांत असं बोलली नव्हती. हे आत गेले. रात्री जेवले नाहीत. मीबी नाही.

१९ जानेवारी, रविवार

झाडू घेऊन गेली. कोणी जा म्हटलं नाही, ये बी म्हटलं नाही. मी ज्या बाजूनं झाडायले लागली ती बाजू सोडून सगळ्या दुसरीकडे गेल्या. उषा सुद्धा. मी जिथं उभी तिथं मोकळं गोल रिंगण.

मी झाडत-झाडत गंगाजलच्या दारापर्यंत गेली. नोव्हेंबरपासून तेवढा तुकडा कोणी झाडत नव्हतं. पाला बोटभर साचला होता, त्याच्याखाली ओल.

तर हे असं असते. दोन महिने मी त्या रिंगणाच्या बाहेर होती, आज आत. आत जागा खूप आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

गंगाजलले दुर्गच्या दवाखान्यातून परत आणलं. डॉक्टरनं घरी घेऊन जा म्हटलं. म्हणजे समजायचं.

आता समोरच्या दारानंच जाते. दिवसातून दोनदा. हेमीनले तेवढाच हातभार. ती पोर तीन महिन्यांत माझ्याशिवाय गावात कोणाशी बोलली नाही, नळावर तिची बारी आली की बाकीच्या आपली गुंडी उचलून बाजूले होतात. म्हणाली, "फूलदाई, मेरी तो गलती भी नहीं थी. मेरे से पूछा ही किसने था?"

हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. दूध आलं. सिलेंडर संपला. बस.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गंगाजल आज शुद्धीत होती. मले म्हणाली, मेल्यावर माझं दशगात्र तलावावरच कर म्हण संतोषले. दहाव्याची क्रिया घाटावर, जिथं तिच्या सासू-सासऱ्याची झाली, नवऱ्याची झाली.

संतोष दारात उभा होता. ऐकून बाहेर गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेसातले गंगाजल गेली.

मी तिथंच होती. तोंडात पाणी मी घातलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कालचं लिहिते.

हेमीननं हंबरडा फोडला तेव्हा गल्लीत रविवारची झाडझूड चालू होती. दारातून दिसलं. सगळे झाडू एकदम थांबले. सगळे इकडे पाहून राहिले. उषाचं तोंड पदरात. मले वाटलं, आता येतील. मनात म्हटलं, या. एक जण निघाला की बाकीचे येतील.

पटेल ओट्यावर बसले होते. उठले नाहीत. मंग एक झाडू हलला. मंग दुसरा.

तो आवाज मी विसरणार नाही. झाडायचा.

संतोषनं अहिवाऱ्याले फोन लावले, तिच्या माहेरी. ते येईपर्यंत दुपार झाली. मी आणि हेमीननं आंघोळ घातली. दोघीच. पाच बाया लागतात.

लाकडं अहिवाऱ्याचे लोक गाडीत घालून घेऊन आले. आपल्या गावातून एक काडी नाही.

मी हळद घ्यायले घरी आली. हे मागच्या अंगणात होते. सरपणाच्या ढिगातून एक ओंडका काढून खांद्यावर घेतला होता, बाभळीचा, चांगला वाळलेला. हळद घेऊन गेली. माझा जीव थोडा हलका झाला होता, खरं सांगते.

हे ओंडका घेऊन गल्लीच्या वळणापर्यंत आले. तिथून गंगाजलचं दार पन्नास पावलं. पिंपळाखाली सगळे बसलेले. हे थांबले. किती वेळ ते माहीत नाही, मले खूप वाटला. मंग वळले आणि ओंडका घेऊन परत गेले.

चार खांदे झाले. संतोष, दोन मामेभाऊ, त्यायचा ड्रायव्हर. मसणवट तलावापलीकडे. भिंत असल्यानं धुऱ्यावरून जाता येत नाही. जवळचा रस्ता सोडून तिले मेन रोडनं, ट्रकायच्या मधून न्यावं लागलं. भिंतीपाशी संतोष थोडा थांबला, खांद्यावर माय घेऊन. भिंतीकडे पाहत राहिला. मामेभाऊ म्हणाला, चल.

बाया वेशीपर्यंतच जातात. मी आणि हेमीन वेशीवर उभ्या राहिलो. ट्रक हॉर्न वाजवून राहिले होते.

घरी आली तर ओंडका ढिगावर होता, होता तसा. हे ओसरीत. रडून राहिले होते. निलेशच्या वेळेस रडले नव्हते.

मी जवळ गेली नाही. जायले पाहिजे होतं का? माहीत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रोज रांधून हेमीनकडे नेते. ती म्हणते, नको. मी समोर बसते. म्हणते, तू नाही खाशील तर मीबी नाही.

आज सकाळी भात टाकला आणि पाहिलं तर हे विळीवर दुधी चिरून राहिले होते. जाड-जाड तुकडे. कोणासाठी ते विचारलं नाही. डब्यात भरला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दशगात्र.

सकाळी उजाडल्यावर ठोकायचा आवाज. संतोष भिंतीपाशी, हातात घण. एकटा. जुना धुरा जिथं होता तिथंच मारून राहिला होता. लोक जमले, लांब उभे. कोणी त्याले अडवलं नाही, कोणी हात बी लावला नाही. दोन विटा, चार विटा. घाम गळत होता, मुंडण केलेलं डोकं, अंगावर एक धोतर. तासाभरात माणूस वाकून जाईल एवढं झालं.

प्लॉटिंगवाल्याचा माणूस मोटरसायकलवर आला, मोबाइलमध्ये फोटो काढले. म्हणाला, थाने में रिपोर्ट होगी. संतोष म्हणाला, "कर दे." आणि मातीचं मडकं, कुश, पिंडाचं सामान घेऊन त्या भोकातून घाटावर गेला. मागं हेमीन. मागं मी, गुडघा धरून वाकली.

क्रिया झाली. आमी तिघं आणि अहिवाऱ्याचे.

परत येताना पाहिलं, दोन बाया बादली घेऊन त्याच भोकातून घाटाकडे जाऊन राहिल्या होत्या. उषा होती एक. आमाले वाट द्यायले बाजूले झाल्या. संतोषकडे पाहिलं नाही. हेमीनकडे बी नाही.

जेवणाले पंचवीस पत्रावळी मांडल्या होत्या. अकरा उठल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवसांत त्या भोकातून सगळं गाव ये-जा करून राहिलं आहे. म्हशीसाठी कोणी अजून थोड्या विटा काढल्या, कोणी ते सांगत नाही. रस्ता मोकळा झाला. बैठकीत तेवढंच लिहिलं होतं, रस्ता मोकळा होईपर्यंत.

तरी संतोषच्या दारी कोणी गेलं नाही.

ह्यायले म्हटलं, तुमीच लिहिलं होतं ना, आता सांगा पटेलले. म्हणाले, "मी सांगितलं. पटेल म्हणते, भिंत त्यानं गावासाठी नाही तोडली, मायसाठी तोडली."

मी म्हटलं, मंग?

"मंग काय. बैठक घेऊ म्हणते. पाहू म्हणते."

आणि थानेवाले संतोषले बोलावून गेले. उद्या जायचं आहे त्याले.

२३ फेब्रुवारी, रविवार

बैठक झाली नाही. पटेलच्या घरी पाहुणे.

दुपारी हेमीनकडे गेली तर सामान बांधून राहिली होती. गादी, भांडी, देव्हारा. दुर्गच्या पद्मनाभपुरात संतोषच्या ओळखीचं घर आहे, मागची खोली भाड्यानं. तिथं गाडीले काम बी जास्त मिळते म्हणे.

मी म्हटलं, थांब. आता रस्ता झाला, होईल हळूहळू.

हेमीननं गाठ मारता-मारता विचारलं, "किसके लिए रुकूं, फूलदाई? दाई थी तो बात अलग थी."

मी म्हटलं, मी आहे. बोलल्यावर वाटलं किती लहान बोलली. एक म्हातारी, गुडघ्यानं अधू, आणि तिच्या घरी बी आता कोणी येत नाही.

तिनं माझ्या हातात दोरीचं दुसरं टोक दिलं, ओढ म्हणून.

मी ओढली. रोकायले गेली होती आणि बांधू लागली.

१ मार्च, शनिवार

आज जाणार होते. सकाळपासून पिकअप दारात, सामान चढवून झालं. शेवटी गंगाजलचा पलंग. सागवानी, जड, तिच्या बापानं लग्नात दिलेला. भाड्याच्या खोलीत मावत नाही म्हणून विकायचा विचार होता. मंग हेमीन म्हणाली, विकायचा नाही. त्याच्यावरून दोघायचं भांडण, मोठ्यानं. सगळी गल्ली ऐकून राहिली. शेवटी संतोष म्हणाला, बरं, चढवतो. आणि एकटाच एक बाजू उचलून गाडीच्या फाळक्याले टेकवली. दुसरी बाजू खाली. हेमीनच्यानं उचलेना. मी गेली तर मले म्हणाला, तू झन, फूलदाई. तू नको.

पलंग तसाच तिरपा. संतोष घामानं भिजलेला, कोणाकडे न पाहता उभा. पिंपळाखाली सहा-सात जण. पन्नास पावलं.

मले ह्यायचे पाय आधी दिसले. आमच्या गेटची कडी काढली, रस्त्यानं आले, समोरून. पलंगाची खालची बाजू धरली. संतोष त्यायच्याकडे पाहून राहिला. किती दिवसांनी गावचा कोणी गडी त्या अंगणात आला होता.

हे म्हणाले, "सांग, वर की खाली?"

संतोषनं हेमीनकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीले टेकली.

"हात भरून येऊन राहिला, बेटा. वर का खाली?"

"आज खाली रख देथन," संतोष म्हणाला. आज खाली ठेवू.

दोघायनं उतरवला, आत नेला. बाकी सामान गाडीतच आहे, वरून ताडपत्री. उद्याचं हेमीन काही बोलली नाही, मी विचारलं नाही.

हे घरी आले, हात धुतले, जेवायले वाढ म्हणाले. वाढलं. मीबी सोबत बसली. जेवता-जेवता पिंपळाखालून बोलणं ऐकू येत होतं. आमचं नाव दोनदा आलं. हे भाकरी मोडत राहिले.